फरशी बसण्याआधी

घरात काम काढायचं ठरलं की पहिली चर्चा होते ती फरशीच्या रंगाची. मग रविवारी टाइल्सच्या दुकानांत चकरा होतात, मोरबीहून आलेले नमुने उजेडात धरून पाहिले जातात, ओट्याला काळा ग्रॅनाइट लावायचा की पांढरा क्वार्ट्झ यावरून घरात दोन तट पडतात. यात गैर काहीच नाही. जे रोज डोळ्यांसमोर राहणार ते मनासारखं असावं असं कुणालाही वाटेल. पण आमच्या पुण्यातल्या जुन्या फ्लॅटचं काम अथपासून इतिपर्यंत पाहिल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्यावर आपण सगळ्यात जास्त बोलतो त्यावर घराचं फार थोडं अवलंबून असतं. घर टिकतं ते एकदा झाकलं गेलं की पुन्हा दिसणार नाही अशा कामावर, आणि कॉन्ट्रॅक्टर कसा आहे हे कळायची जागाही तीच.

आमची इमारत 1980च्या दशकातली. तीन मजले, लिफ्ट नाही. आईबाबांनी हप्ते फेडत घेतलेलं घर. मोझॅकची फरशी, कडप्प्याचा ओटा, लाकडी पट्ट्यांमधून फिरवलेलं वायरिंग आणि जीआयचे पाइप. वरवर पाहता घर धडधाकट होतं. फक्त न्हाणीघराच्या बाहेरची भिंत दर पावसाळ्यानंतर पोपडे धरायची आणि स्वयंपाकघरातल्या नळाची धार वर्षागणिक बारीक होत चालली होती. दिवाळीच्या तोंडावर रंगाऱ्याला बोलवायचं, भिंत खरवडायची, दोन हात मारून घ्यायचे, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

काही कॉन्ट्रॅक्टर घर बघून गेले. एकानं दारात उभ्याउभ्याच स्क्वेअर फुटाचा भाव सांगितला. एकानं टॅबवर सुंदर चित्रं दाखवली. त्यातला दिवाणखाना आईला फार आवडला. ज्यांना शेवटी काम दिलं ते आले तेव्हा त्यांच्या हातात टेप आणि बॅटरी होती. त्यांनी न्हाणीघर पाहिलं, नळ पूर्ण सोडून पाहिला आणि विचारलं, "ताई, खालच्या मजल्यावर कोण राहतं? त्यांची न्हाणी बघायला मिळेल का?"

खाली एक आजी एकट्या राहतात. त्यांच्या न्हाणीघरात स्टुलावर चढून कॉन्ट्रॅक्टरनी छताच्या कोपऱ्यावर बॅटरी धरली. तिथं पांढरे क्षार फुलले होते, आमच्या न्हाणीतून उतरणाऱ्या पाइपाभोवती ओलीचं कडं पडलं होतं आणि एका ठिकाणी गिलावा सुटून गंजलेली सळई उघडी पडली होती. "टाइल्स तुम्हाला हव्या त्या घ्या," ते खाली उतरून म्हणाले, "पण सुरुवात इथून." आजी दारात उभ्या होत्या. "मी कधी बोलले नाही," त्या म्हणाल्या, "म्हटलं, आज ना उद्या तुम्ही काम काढालच."

शेजारधर्म बाजूला ठेवला तरी ही जबाबदारी आमचीच होती. आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची आणि बाहेरच्या भिंतींची गळती संस्थेनं दुरुस्त करायची असते. न्हाणी, संडास, सिंक यांच्यातून होणारी आतली गळती ज्या त्या सदस्यानं स्वखर्चानं थांबवायची असते. या एका मुद्द्यावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वर्षानुवर्षं अबोला धरलेला मी पाहिला आहे. म्हणून घरात काम काढणाऱ्यानं आधी खालचं छत बघून यावं. तिथं जे दिसतं ते आपल्या घरात कधी दिसत नाही.

एस्टिमेट आलं ते कित्येक पानांचं होतं, आणि मला ते आवडलं. स्क्वेअर फुटाच्या एका आकड्यात काय काय बसतं ते देणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. इथं प्रत्येक काम वेगळं लिहिलं होतं: तोडफोड, राबिट उचलणं, वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग, वायरिंग, गिलावा, फरशी, सुतारकाम, रंग. कुठलं काम मटेरियलसकट आणि कुठलं नुसत्या लेबरचं हे लिहिलेलं होतं. पाइप, वायर, प्लाय कुठल्या कंपनीचे आणि कुठल्या मापाचे ते होतं. जीएसटीचे 18 टक्के वेगळे दाखवले होते. आणि काम कशावर मोजणार हेही होतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. 500 चौरस फूट चटईक्षेत्राच्या घरात रंगाचं क्षेत्र, भिंती आणि छत मिळून, सहज तिपटीवर जातं. हे आधी कुणी सांगितलं नाही तर बिल हातात आल्यावर फसवल्यासारखं वाटतं, आणि फसवलेलं मात्र कुणीच नसतं. मोजणी घरमालकानं कॉन्ट्रॅक्टरबरोबर उभं राहून, टेपचं दुसरं टोक स्वतः धरून करावी. जुन्या घरात फरशी उखडल्याशिवाय खालचं कळत नाही, त्यामुळे काही खर्च वाढणार हे धरूनच चालावं लागतं. पण प्रत्येक वाढीव काम हात घालण्याआधी कागदावर यावं, निदान मोबाइलच्या मेसेजवर तरी. "करून टाका, नंतर बघू" या वाक्यानं जितके संबंध बिघडले आहेत तितके वाईट कामानं बिघडले नसतील.

माझ्या वहिनीला स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत काढून मोकळं किचन हवं होतं. मागणी रास्त होती. स्वयंपाक करणाऱ्या बाईनं घरातल्या गप्पांपासून तुटून का राहावं? कॉन्ट्रॅक्टरनी दाराच्या चौकटीपाशी भिंतीची जाडी मोजली. नऊ इंच. मग गच्चीवर जाऊन आले, खालच्या घरात त्याच जागी तीच भिंत आहे का ते पाहून आले आणि म्हणाले, ही भिंत मी काढणार नाही. इमारत लोड बेअरिंगची आहे, इथं खांब नाहीत. वरच्या मजल्यांचं ओझं या भिंतींवरच उभं आहे. साडेचार इंची आडभिंत असती तर इंजिनिअरला दाखवून विचार केला असता. वहिनी हिरमुसली. दुसऱ्या एकानं ती भिंत "एक दिन में" काढून देतो म्हणून सांगितलं होतं.

25 जुलै 2017 रोजी मुंबईत घाटकोपरची साई दर्शन ही चार मजली इमारत कोसळली आणि 17 माणसं गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरफाराच्या कामात इमारतीच्या खांबांना धक्का लागल्याचा आरोप झाला. त्याआधी 27 सप्टेंबर 2013 ला माझगावची बाबू गेनू मंडईची इमारत पडली, 61 जण दगावले, आणि तिथंही तळमजल्यावर केलेल्या बदलांकडे बोट दाखवलं गेलं. भिंतीच्या आत काय आहे हे न बघता घण घालणारा माणूस आपल्या एकट्याच्या घरावर घालत नसतो. चांगला कॉन्ट्रॅक्टर कधी तरी ठामपणे नाही म्हणतो, आणि त्या नकाराची किंमत मला त्याच्या सगळ्या होकारांपेक्षा जास्त वाटते. आम्ही भिंतीला हात लावला नाही. ओट्याची दिशा फिरवली आणि दाराची आहे तेवढीच जागा बिनदाराची ठेवली. वहिनीला आता ओट्यापाशी उभं राहून हॉलमधलं सगळं ऐकू येतं.

तोडफोड सुरू झाली तेव्हा घराचं खरं वय कळलं. ओट्यामागचा जीआयचा पाइप कापून मिस्त्रींनी माझ्या हातात दिला. बाहेरून अर्ध्या इंची पाइप. आत गंजाचे थरावर थर चढून मधे पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. त्या बारीक होत गेलेल्या धारेसाठी आम्ही नळ बदलले होते, टाकीला दोष दिला होता. दोष भिंतीच्या आत होता.

राबिटचा प्रश्न लोक शेवटी विचारात घेतात, तो पहिल्या दिवशीच घ्यावा. लिफ्ट नसलेल्या इमारतीत गोणी उतरवायचा मजल्यामागे वेगळा भाव असतो, आणि तो योग्यच आहे. ओल्या राबिटची गोणी पाठीवरून उतरवून पाहिली की त्यावर घासाघीस करावीशी वाटत नाही. बांधकामाच्या कचऱ्यासाठी केंद्र सरकारनं 2016 मध्ये वेगळे नियम केले. तो कचरा वाटेल तिथं टाकायचा नाही हे त्यात स्पष्ट होतं. तरी शहराबाहेरच्या टेकड्यांच्या पायथ्याशी फुटक्या टाइल्सचे आणि कमोडच्या तुकड्यांचे ढीग दिसतात. ती कुणाची तरी नवी कोरी न्हाणीघरं आहेत. आपला टेम्पो कुठे रिकामा होतो हे विचारायचा हक्क घरमालकाला आहे, आणि ते त्याचं कर्तव्यही आहे.

आता न्हाणीघर. त्याविषयी जरा सावकाश लिहायला हवं.

न्हाणीचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली टाकलेला असतो. त्या खोलगट जागेत पाइप बसवून वर भराव घालतात आणि मग फरशी. आमचा भराव काढला तेव्हा विटांचे तुकडे काळे पडले होते, हातात धरले की पाणी गळत होतं. इतकी वर्षं ते पाणी स्लॅबवर बसून होतं आणि वाट मिळेल तसं खाली आजींच्या छतात उतरत होतं. मिस्त्रींनी स्लॅब तारेच्या ब्रशनं घासून धुतला, भेगा भरल्या, वॉटरप्रूफिंगचं मिश्रण चढवलं, पाइपांचे सांधे पक्के केले आणि मग विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला. मिस्त्री धाराशिवकडचे, साठीच्या आसपासचे. बोलणं कमी. कोबा घालताना त्यांनी पाण्याची नळी आणि दोरी लावून ढाळ काढला, पण शेवटी गुडघ्यांवर बसून, मान तिरकी करून, डोळ्यानं तपासला. भिंत आणि तळ जिथं मिळतात तिथं त्यांनी कोपरा ठेवलाच नाही. सिमेंटची गोलाई देऊन वाटा काढला. पाणी कोपऱ्यात तुंबून भिंतीत शिरतं, वाट्यावरून ते सरळ खाली येतं. करणीचा पाठचा भाग त्यावर फिरत होता तेव्हा ते दोनदा थांबले, बोटानं चाचपलं आणि पुन्हा फिरवलं. त्यावर टाइल बसणार, मग ग्राउट, मग साबणाचं पाणी. तो वाटा पुन्हा कुणाच्या नजरेला पडणार नव्हता.

कोब्यावर निदान सात दिवस पाणी मारायचं असतं. ते कुणी मारत नाही, कारण त्यात कामगाराचा हात अडकतो आणि काम पुढे सरकल्याचं काही दिसत नाही. आम्ही घरचेच आळीपाळीनं मारत होतो. मग चाचणी. ट्रॅपच्या तोंडात चिंधी आणि गिलावा ठोकून ते बंद केलं, न्हाणी पाण्यानं भरली आणि मिस्त्रींनी भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलीची खूण केली.

सकाळी पाणी खुणेच्या बोटभर खाली होतं.

फरशीवाला त्याच दिवशी यायचा होता. आला, हत्यारं ठेवली, पाणी बघून उभा राहिला. बोटभर पाणी म्हणजे काय, थोडं सुकलं असेल, थोडं सिमेंटनं प्यायलं असेल, असं म्हणून पुढे जाता आलं असतं, आणि पुष्कळ ठिकाणी तसंच जातात. कॉन्ट्रॅक्टरनी पाणी काढायला लावलं. ट्रॅपच्या कडेला, जिथं पाइप आणि कोबा मिळतात तिथं, केसाएवढी फट होती. मिस्त्रींनी तो भाग फोडला, पुन्हा भरला. फरशीवाल्याला दुसऱ्या साइटवर पाठवलं, त्याच्या त्या दिवसाच्या मजुरीचा प्रश्न कॉन्ट्रॅक्टरनी स्वतःकडेच ठेवला. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा खूण. या वेळी रेषा हलली नाही. तरी तीन दिवस पाणी तसंच ठेवलं, आणि रोज संध्याकाळी मी खाली जाऊन आजींच्या छताला हात लावून येत होते. कोरडं होतं. तेव्हा टाइल्स आल्या.

वेळापत्रक पुढे गेलं ते इथं. लोक म्हणतात कॉन्ट्रॅक्टर वेळ पाळत नाहीत, आणि तक्रार खोटी नाही. एकाच वेळी चार साइट धरायच्या आणि कुणालाच पुरतं न्यायचं नाही, ही खोड या धंद्यात आहे. पण उशिरा-उशिरात फरक असतो. माणसं न आल्यामुळे होणारा उशीर वेगळा, आणि सिमेंटला सुकायला, चाचणीला, ओल्या गिलाव्याला वेळ दिल्यामुळे होणारा वेगळा. पहिल्यावर भांडावं. दुसऱ्यासाठी घरमालकानंच जागा ठेवायला हवी, कारण "गणपतीच्या आत झालंच पाहिजे" असा आपण धोशा लावला की घाई नेमकी याच ठिकाणी केली जाते. ओल्या गिलाव्यावर पुट्टी ओढली जाते, आणि पुढच्या वर्षी पोपडे धरतात. कामगारांची गावंही लक्षात घ्यावी लागतात. सुतार उत्तर प्रदेशातले असतील तर होळीला आणि गव्हाच्या कापणीला गावी जाणार, बिहारचे असतील तर छठला. आपली दिवाळी जशी आपल्याला प्यारी तशी त्यांची त्यांना.

पाइप आणि वायरिंगचं थोडक्यात सांगते. भिंतीत गाडायच्या पाइपांची टोकं बंद करून हातपंपानं दाब द्यायचा आणि पंपावरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा जागचा हलत नाही ना ते पाहायचं. ते झाल्याशिवाय गिलावा नाही. वायर तांब्याची: दिव्यांना 1.5 चौरस मिलिमीटर, प्लगना 2.5, गीझर आणि एसीला 4. अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे का ते तपासून घ्यायचं आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्यायचं; ओल्या हातानं गीझरचं बटण दाबणाऱ्या घरातल्या प्रत्येकाचा जीव त्यावर आहे. भिंती बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढून ठेवले आहेत. आता कुठेही खिळा ठोकायचा झाला तर आम्ही आधी ते फोटो बघतो.

प्लायचंही तेच. सनमायका चढला की आतला प्लाय कसा आहे ते कुणाला कळत नाही. सिंकखाली आणि न्हाणीजवळ 710 नंबरच्या मानकाचा मरीन प्लाय हवा. त्याचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात टिकावा लागतो. इतर ठिकाणी 303 चालतो. शिक्का बघावाच, पण कापलेली कडही बघावी. थरांमध्ये पोकळी दिसली तर तो तुकडा परत पाठवावा. भवानी पेठेत टिंबर मार्केटमध्ये सुताराला बरोबर घेऊन मीच गेले होते, आणि तिथं एका अनुभवी सुताराच्या शेजारी उभं राहून जे शिकले ते घरी बसून कळलं नसतं.

पैशांविषयी. कामाच्या टप्प्यांना पैसे बांधलेले असावेत आणि शेवटचा थोडा भाग एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवलेला असावा; हे दोन्ही आमच्या कागदात होतं. पण त्याच्याइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे, ती फारसं कुणी लिहीत नाही. आठवड्याच्या शेवटी कामगारांना खर्ची द्यावी लागते, म्हणजे आठवडाभराच्या जेवणाखाण्याचे पैसे. घरमालकानं ठरलेला टप्पा पुरा होऊनही पैसे अडवले की कॉन्ट्रॅक्टर ती खर्ची दुसऱ्या साइटच्या पैशातून भागवतो, आणि सोमवारी माणसं त्या दुसऱ्या साइटवर दिसतात. पुष्कळदा आपल्या घरी काम का थांबलं याचं उत्तर आपल्याच न पाठवलेल्या पैशात असतं.

आणि जे येतात त्यांना माणसासारखं वागवावं. साधी गोष्ट आहे: तोडफोडीत सगळ्यात आधी संडास फोडतात. मग दिवसभर राबणाऱ्या माणसांनी जायचं कुठं? आम्ही जुना संडास शेवटपर्यंत ठेवायला सांगितला, त्याचं काम सगळ्यांत शेवटी केलं. पिण्याचं पाणी भरून ठेवलेलं असायचं. टाइल कटरनं कोरडी कापली की जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते. वर्षानुवर्षं छातीत गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. फरशीवाला मुलगा राजस्थानचा, विशीतला, तोंडाला नुसता रुमाल बांधून कापत होता. पाणी सोडत कापायचं आणि मास्क लावायचा हे मी कॉन्ट्रॅक्टरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी ते लगेच मान्य केलं. पुढच्या वेळी हे एस्टिमेटमध्येच लिहून घ्यावं असं मला वाटतं, कारण एका घराची झळाळी कुणाच्या फुप्फुसातून जाता कामा नये.

शेवटचं बिल आलं तेव्हा त्यातला सगळ्यात मोठा वाढीव आकडा न्हाणीचा होता: जुना भराव काढणं, स्लॅबची दुरुस्ती, नवा कोबा. भाऊ परगावी असतो. तो बिल बघून म्हणाला, एवढ्यात तर हॉलला इटालियन मार्बल आलं असतं. मी त्याला खाली आजींकडे घेऊन गेले. कॉन्ट्रॅक्टरनी त्यांच्या छताची गंजलेली सळई साफ करून, नवा गिलावा करून, रंगाचे दोन हात दिले होते. तो खर्च आमच्याच बिलात होता. भावानं छताकडे पाहिलं आणि वर येऊन पैसे पाठवले.

पावसाळ्यात बेडरूमच्या खिडकीच्या खालच्या कडेतून पाणी झिरपलं. फोन केल्यावर कॉन्ट्रॅक्टरनी त्याच आठवड्यात माणूस पाठवला. खिडकीच्या बाहेरच्या पट्टीला ढाळ उलटा होता. तो फोडून बाहेरच्या बाजूला करून दिला, त्याचे पैसे लावले नाहीत. दसऱ्याच्या सुमारास राखून ठेवलेली रक्कम त्यांना दिली. वरच्या मजल्यावरच्यांनी त्यांचा नंबर मागितला आहे. त्यांच्या न्हाणीखालचं आमचं छत मी परवाच बॅटरी लावून पाहिलं. एका कोपऱ्यात ओल आहे.